नावाच्या आधीचा शब्द

८ एप्रिल. सुट्टीचा दिवस. कूलरची खस बदलायची होती.

नागपुरात एप्रिल लागला की घरोघरी हेच काम निघतं. जाळ्या काढायच्या, गेल्या वर्षीची वाळून काळी पडलेली खस खरवडून फेकायची, टाकीचा गंज घासायचा, पंपात अडकलेला कचरा काढायचा. हे काम मी कोणाला सांगत नाही. सांगितलेला माणूस परवा येतो म्हणतो आणि परवापर्यंत भिंती तापून तव्यासारख्या झालेल्या असतात. नवी खस दाबून बसवली, टाकीत बादल्या ओतल्या आणि पंखा चालतो का ते पाहायला बटण दाबलं. पंखा घरघरला. त्याबरोबर आतल्या खोलीतून, कपाटाच्या वरून, एक बारीक आवाज सुरू झाला. डब्यात मूठभर मोहरी हलवावी तसा.

"बोलून राहिला वं," माय पलंगावरून म्हणाली.

"ऐकलं," मी म्हणाले आणि पंखा बंद केला. आवाज थांबला.

कपाटावर माझ्या मोठ्या भावाचा, दिलीपदादाचा, ड्रम आहे. जुन्या चादरीत गुंडाळलेला. त्याच्या खालच्या पानाला, म्हणजे ताणून बसवलेल्या पातळ पडद्याला, बारीक तारांचा एक पट्टा टेकलेला असतो. घरात कुठलाही जाड आवाज झाला की त्या तारा थरथरतात. रस्त्यावरून ट्रक गेला, मिक्सर लावला, जयंतीचा डीजे चौकातून वळला, की कोणी हात न लावता तो ड्रम बोलू लागतो. असं का होतं हे शाळेत शिकवतात. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, शिवाय आयुष्यभर नर्सिंगमध्ये. मला कारण माहीत आहे. तरी दर वेळी मानेवर काटा येतो. दादा गेला त्याला पस्तीस उन्हाळे उलटून गेले. गेला म्हणजे निघून गेला. त्यापुढचं आम्हाला माहीत नाही.

मी स्टुलावर उभी असतानाच प्रणाली आली. आमच्या गल्लीतली, शाळेत चित्रकला शिकवते. तिने आणि वस्तीतल्या काही हौशी लोकांनी मिळून समाजभवनात प्रदर्शन मांडायला घेतलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांची चित्रं, आणि त्यांच्या जॅझ संगीतावरून आमच्या वस्तीतल्या लोकांनी काढलेली चित्रं. जयंतीच्या आठवड्यात दर वर्षी डीजे आणि भोजनदान असतंच, यंदा हेही, असा तिचा हट्ट. विहाराच्या फलकावर तिने सूचना लावली होती, की जॅझसंबंधी कोणाकडे काही असेल तर प्रदर्शनासाठी द्यावं. तिच्या मनात जुन्या तबकड्या, एखादा फोटो, असं काहीतरी होतं. वस्तीने ड्रम आणून टाकले.

"वंदनाताई, काय सांगू तुमाले, हॉलमध्ये पाय ठेवाले जागा नाही राहिली. एक आजोबा तर नुसता तुटका पेडल घेऊन आले. म्हणे, हा जाजचा पाय हाय, मांडा."

"मग परत कर एकेकाचं."

"कायले परत? तेच तर भारी झालं. आता एक कोपराच केला. 'आमचा जाज'. पाटीसुद्धा रंगवून राहिले."

चूक तिची नव्हती आणि वस्तीचीही नव्हती. आमच्याकडे जाज म्हणजे संगीत नव्हेच. जाज ही वस्तू आहे. ऑर्केस्ट्रात किंवा लग्नाच्या बँडमध्ये पायाने वाजवायचा मोठा ड्रम, गुडघ्यांमधला छोटा, वर दांडीला लावलेली झांज, हा सगळा पसारा म्हणजे जाज. तो वाजवणारा तो जाजवाला. 'आज जाजवर कोण हाय?' असं विचारायचे. कधीकाळी इथल्या साहेबांच्या क्लबात ते संगीत वाजलं असेल, वाजवणाऱ्यांच्या मागे आमची माणसं सामान उचलायला उभी असतील. साहेब गेले, संगीतही गेलं. शब्द तेवढा ड्रमला चिकटून वस्तीत उतरला. मी नर्सिंगला लागून चार वर्षं झाली तेव्हा कुठे एका मासिकात वाचलं, की जॅझ हा गाण्याचा प्रकार आहे. मला ते खोटं वाटलं होतं.

प्रणालीची नजर कपाटाकडे गेली होती. "तुमच्याकडंबी हाय म्हणतात."

मी काही बोलायच्या आत माय उठून बसली. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे गेलेले, पण कान शाबूत. "ने," म्हणाली. "पण एकटा नाही येणार तो. मीबी येतो संगं."

प्रणाली हरखली. दारापर्यंत गेली आणि तिथे घुटमळली. मग हळूच म्हणाली, "ताई, प्रत्येक वस्तूपुढं कार्ड ठेवून राहिलो आम्ही. वाजवणाऱ्याचं नाव. तर... नावाआधी काय लिहू?"

बाहेरच्याला हा प्रश्न कळायचा नाही. आम्हा बौद्धांमध्ये माणसाच्या नावाआधी एक शब्द लागतो. पत्रिकेत, फलकावर, माइकवरून नाव पुकारताना. जिवंत माणूस आयुष्मान, बाई आयुष्मती. गेलेला माणूस कालकथित. तिसरा शब्द नाही. बाबांच्या नावाला कालकथित लागून पुष्कळ वर्षं झाली, त्याची जिभेला सवय झाली. दादाच्या नावाचं काय करायचं हे घरात कोणी बोललं नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांमध्ये त्याचं नाव आयुष्मान म्हणून छापलं होतं. मांडवात लांबचे पाहुणे विचारत होते, दिलीप दिसून नाही राहिला, कुठं हाय?

"आयुष्मान लिव," माय आतून म्हणाली. "इचारून काय राहिली?"

"संध्याकाळी सांगते," मी प्रणालीला म्हणाले आणि तिला जिन्याकडे वळवलं.

ओल्या खशीचा वास घरभर पसरला होता. तो वास आला की मी कोराडीला जाते.

बाबा तिथल्या वीज केंद्रात कोळशावर कामाला होते. आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. उन्हाळ्यात तिथे हवा थांबायची आणि राख उतरायची. वाळत घातलेल्या कुरडयांवर, माठाच्या झाकणावर, झोपलेल्या माणसाच्या भुवयांवर. माय सकाळी अंथरुणं झटकायची तेव्हा उन्हात करडा धूर उठायचा. दादा निघून गेला त्या वर्षी मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. पांढरा गणवेश. तो मी पिशवीत घालून बसने नागपूरला न्यायची आणि तिथे जाऊन चढवायची.

दादालाही पांढरा शर्ट होता. छातीवर झालरी लावलेला, ऑर्केस्ट्रावाल्यांचा. त्या झालरींची इस्त्री माझ्याकडे. एकेक चुणी बोटाने उघडून तिच्यावर गरम टोक फिरवायचं. लगनसराईत तो शर्ट रोज लागायचा आणि रोज घामाने ताठ होऊन परत यायचा. इस्त्री लागली की त्यातून दादाचा वास उठायचा. घाम, पावडर आणि कोळसा. त्या वासाला मी नाक मुरडायची.

दुपारी तो सराव करायचा. पाळी करून आलेले शेजारी झोपायला बघायचे. भिंतीपलीकडून ओरडा यायचा, "अबे दिल्या, रातपाळी करून आलो बे, झोपू दे ना!"

"काका, अंगाई वाजवून राहिलो!" हा इकडून.

"तुह्या अंगाईनं माहा बाप उठून बसन!"

मग दादा ड्रमवर मायचं जुनं लुगडं टाकायचा आणि वाजवत राहायचा. कापडाखालचा तो आवाज विचित्र होता. उशीत तोंड खुपसून कोणी बोलत असावं असा. शब्द कळत नाहीत, पण माणूस ओळखू येतो. अजूनही कधी वॉर्डात मॉनिटरचा आवाज भिंतीपलीकडून येतो तेव्हा मी चालता चालता थांबते. सोबतच्या मुलींना वाटतं, सिस्टरना काहीतरी आठवलं.

ड्रम नसला की तो कशावरही वाजवायचा. ताटावर, दारावर. बाबांनी कळमन्याच्या बाजारातून टरबुजं आणली की ओळीने मांडून त्यांना टिचक्या मारायचा. "हे पिकलं. हे कच्चं. हे आपल्या मास्तरासारखं हाय, नुसतंच मोठं." आणि माझ्या पाठीवर. "वंदे, पाठ दे." मी अभ्यासाला वाकलेली असायची. दोन बोटांनी मणक्यावर ठेका धरायचा, खांद्याच्या फऱ्यावर झांज. "आता सांग, पुढचा ठोका कुठं पडन?" मला कधीच सांगता आलं नाही. तो ठोका मी धरलेल्या जागेच्या किंचित नंतर पडायचा. तेवढ्या अंतरात श्वास अडकायचा.

त्याच वर्षी मे महिन्यात त्यांची ऑर्केस्ट्रा पार्टी छिंदवाड्याकडे एका लग्नाला गेली. परतताना सावनेरच्या अलीकडे चहाला थांबले. दादाने चहा घेतला, पैसे दिले. मॅटाडोर सुरू झाली तेव्हा म्हणाला, "तुमी व्हा पुढं, मी येतो मागून." का, ते कोणी विचारलं नाही. तरणं पोरगं, असेल कोणी भेटायचं. मॅटाडोरने ड्रम घरी आणून टाकला. मागून कोणी आलं नाही.

एवढंच. पार्टीतल्या प्रत्येकाने हे इतक्या वेळा सांगितलं, की ते चहाचं दुकान मी न पाहताही ओळखते. भांडण झालेलं नव्हतं, कर्ज नव्हतं, प्रेमाचं काही असल्याचं कोणाला माहीत नव्हतं. बाबा पोलिसांत गेले. स्टेशनांवर फोटो चिकटवले. कुठे बेवारस प्रेत सापडल्याचं कळलं की जाऊन पाहून यायचे आणि आल्यावर अंगणातच आंघोळ करायचे. त्यावरून कुठे जाऊन आले ते आम्हाला कळायचं. पुढे बाबा गेले. क्वार्टर सुटलं. आम्ही नागपुरात, उत्तरेकडच्या या वस्तीत आलो. ड्रमही आला.

दर उन्हाळ्यात दादा कुठेतरी दिसायचा. रायपूरच्या एका वरातीत. इटारसीच्या फलाटावर, दाढी वाढलेली. भंडाऱ्याला स्टेजवर, जाडा झालेला. सांगणारी माणसं वाईट नव्हती, त्यांना खरंच वाटायचं. आधी आम्ही जायचो. मग नुसतं विचारायचो, काय घातलं होतं, डाव्या हाताने वाजवत होता का. मग दिसणंही कमी झालं. मला मात्र अजून सवय आहे. धरमपेठेत खरेदीला गेले आणि वरात आडवी आली, की मी जाजवाल्याचा चेहरा पाहते. दादा आज साठीच्या जवळ असता. मी पाहते ते चेहरे तेविशीतले असतात.

माय मात्र कधी डळमळली नाही. तिच्याजवळ पुरावा होता. मॅटाडोरमधून ड्रम आला तेव्हा त्यासोबत काड्या नव्हत्या, वाजवायच्या त्या दोन काड्या. "जाज ठेवून गेला अन् काड्या घेऊन गेला," ती म्हणायची. "ज्याले मरायचं राहते तो काड्या नेते का वं?" काड्या घेऊन गेलेला माणूस कुठेतरी वाजवत असणार. या एका गोष्टीवर आमच्या घराने एवढे उन्हाळे काढले.

मी अतिदक्षता विभागात सिस्टर-इन्चार्ज आहे. पेशंट गेल्याचं घरच्यांना सांगायची एक रीत असते, ती मी नव्या मुलींना शिकवते. आधी खाली बसायचं, उभ्याने सांगायचं नाही. नाव घ्यायचं. 'गेले' म्हणायचं. मग गप्प राहायचं. 'आम्ही खूप प्रयत्न केले', 'तसं पाहिलं तर' असलं काही त्याच्या आधी लावायचं नाही. नातेवाईक त्या शब्दांना धरून लोंबकळतात आणि मग त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागतात. हे मी किती घरांना सांगितलं असेल. आणि घरी येऊन मायला विचारायची, आज ड्रम बोलला का?

संध्याकाळी ई-रिक्षाने निघालो. माय मागे बसली, ड्रम मांडीवर. खड्डा आला की तारा सर्रर्र करायच्या आणि ती चादरीवरून हात फिरवायची.

समाजभवनाचा हॉल ओळखू येत नव्हता. नेहमी तिथे बारशाचे फुगे नाहीतर सभेच्या खुर्च्या असतात. आता भिंतींवर काळी माणसं उभी होती. मूळ चित्रं कुठून आणणार, फ्लेक्सवर छापून घेतलेल्या प्रती होत्या, निवडणुकीचे फ्लेक्स छापतात त्याच दुकानातून. पण त्यांवरचे चेहरे फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांसारखे आपल्याकडे बघून हात जोडत नव्हते. ते आपल्या कामात होते. एक बाई डोळे मिटून गात होती. एका माणसाच्या गालात वारा भरला होता आणि त्याच्या हातातला कर्णा चित्राच्या चौकटीबाहेर निघाला होता. समोरच्या भिंतीवर वस्तीतल्या लोकांची चित्रं. एकाने नुसते रंगाचे उभे पट्टे काढले होते, काही दाट, काही विरळ, मध्येच एक जागा रिकामी. मी तिच्यापुढे थांबले. पुढचा ठोका कुठं पडन, असं ती जागा विचारत होती. शेजारी एका मुलीने कोराडीच्या राखेत डिंक कालवून जाजवाल्याची पाठ काढली होती. फक्त पाठ. मी तिथून पटकन पुढे सरकले.

माय कापडांपुढे खुर्ची टाकून बसली होती. तुकडे जोडून शिवलेल्या मोठमोठ्या गोधड्यांचे फोटो, आणि खाली आमच्या वस्तीतल्या बायांनी त्यावरून शिवलेली एक खरी.

"ह्या वाकळी कोणाच्या वं?"

"तिकडल्या काळ्या बायांच्या, आजी," प्रणाली म्हणाली.

"लुगड्याच्या का?"

"लुगडं नाही ना नेसत तिकडं. पँटी, शर्ट, पोतं, जे असन ते."

"माणूस गेल्यावर त्याचे कपडे लावतात का यात?"

"लावतात. नवरा गेला तर त्याच्या कामाच्या कपड्यांची शिवलेली हाय ती निळी."

मायने खुर्ची त्या निळ्या गोधडीजवळ सरकवली. मग पुढच्या चित्राकडे बोट केलं. वर्तमानपत्राच्या कात्रणांसारख्या पट्ट्या चिकटवलेल्या आणि त्यांतून अर्धवट चेहरे डोकावणारे. प्रणालीने सांगितलं, की गुलामीच्या काळात त्यांच्यात माणसं विकायचे. माय एकीकडे, पोरगं दुसरीकडे. गुलामी संपल्यावर हे लोक पेपरात जाहिराती द्यायचे, माझा मुलगा अमक्या वयाचा होता, अमक्या माणसाने नेला, कोणी पाहिला असेल तर कळवा. कित्येक वर्षं देत राहिले.

"मग सापडले का?"

"कोणाकोणाले सापडले, आजी. पुष्कळाले नाही सापडले."

"ज्यायले नाही सापडले ते काय करत?"

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा ड्रम सरळ करायला लागले. तेवढ्यात कोणीतरी स्पीकर तपासायला गाणं लावलं. नुसतं वाद्य. एक कर्णा खालच्या सुरात घसरत गेला आणि टेबलावरचा दादाचा ड्रम त्याला उत्तर देऊ लागला. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. माय उठली, आली आणि तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा तिने पानावर ठेवला. आवाज दबला, पण थांबला नाही.

"अरे, हा तर दिल्याचा जाज!"

दारात बबनकाका उभे होते. दादाच्या पार्टीत ट्रम्पेट वाजवायचे, त्या दिवशी मॅटाडोरमध्येही होते. आता दात नाहीत म्हणून फुंक धरत नाही. सूचना वाचून तेही जाजचं काहीतरी घेऊन आले होते. मायच्या पाया पडले, जयभीम केला आणि भिंतींकडे बघत सुटले. एका चित्रात मयतीमागे बँड चालला होता.

"यायच्यात मयतीलेबी बँड लावतात काय?"

"हो काका. जाताना संथ, येताना नाचत."

"हट्! आपल्यात ही रीत असती तर आपला डबल सिझन झाला असता!" काका स्वतःच्याच विनोदावर बोळक्याने हसले. मग पिशवीत हात घातला. "मावशे, हे पाह्य. माह्या ट्रम्पेटच्या पेटीत अस्तराखाली राहून गेल्या होत्या. त्यानंच खुपसल्या असतीन घाईघाईत. ते अस्तर मी कधी उचकलंच नाही इतके वर्षं. म्हटलं, मांडाले कामी येतीन."

दोन काड्या. मुठीच्या जागी हिरव्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली. काठाचा तुकडा होता. ते लुगडं माझ्या आठवणीत होतं, मायच्या तर होतंच.

मला पुढे होऊन त्या काकांच्या हातातून घ्यायच्या होत्या. वॉर्डात मी असंच करते, वाईट रिपोर्ट आधी माझ्या हातात घेते. पण मायने हात पुढे केलेला होता. तिने काड्या घेतल्या. पट्टीवरून अंगठा फिरवला. काका आनंदात होते. आपण काय आणून दिलं हे त्यांना कसं कळणार. ते ड्रमकडे वळले आणि खाली वाकून बघितलं.

"हा खटका काहून वर ठेवला गा कोणं?" ड्रमच्या कडेला एक छोटा खटका होता, तो त्यांनी मला दाखवला. "वाजवायचं नसलं की हा खाली पाडा लागते. तारा सुटतात. नाहीतर जाज दिवसभर उगाच बोलत राहते. दिल्यानं नव्हतं सांगितलं तुमाले?"

मी त्या खटक्याकडे पाहत राहिले. एवढे उन्हाळे. अंगठ्याएवढा पत्रा.

"मले सांगितलं होतं," माय म्हणाली. "मीच वर ठेवला."

गाणं कोणीतरी बंद केलं. प्रणाली कार्ड आणि स्केचपेन घेऊन उभी होती, पण पुढे येत नव्हती. माय खुर्चीवर बसली, काड्या मांडीवर आडव्या.

"वंदे," ती म्हणाली. "तू दवाखान्यात लोकायले कसं सांगतं वं?"

"काय कसं?"

"तुले माहीत हाय काय ते."

मी बाजूची खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. उभ्याने सांगायचं नसतं. आजूबाजूला कोणी हलत नव्हतं. भिंतीवरची डोळे मिटलेली बाई गातच होती.

"माय, दिलीपदादा गेला."

त्याच्या आधी काही लावलं नाही. नंतर काही बोलले नाही.

तिने मान हलवली. पुन्हा एकदा हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग उठली, टेबलाला धरून उभी राहिली आणि अंगठ्याने तो खटका खाली केला. टक् असा अगदी लहान आवाज झाला.

"लिव पोरी," ती प्रणालीला म्हणाली.

प्रणालीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावर वाकून लिहिलं. कालकथित दिलीप, जाजवाले. मायने तिला ते मोठ्याने वाचायला लावलं. बबनकाकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. काड्या मायने ड्रमवर ठेवल्या. एक थोडी तिरपी झाली, ती तिने सरळ केली.

"परत कवा न्याव लागते?" तिने विचारलं.

"प्रदर्शन आठ दिवस हाय, आजी. मग मी आणून देतो."

"राहू दे," माय म्हणाली. "इथंच राहू दे. कोणी वाजवन तर वाजवन."

परतीच्या रिक्षात तिची मांडी रिकामी होती. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून ती बसली होती. चौकात जयंतीचे निळे झेंडे लावत होते, डीजेवाला आवाज तपासत होता, आणि खालच्या सुरांनी रिक्षाचा पत्रा थरथरत होता. घरी आल्यावर मी कूलर लावला. पंखा घरघरला आणि नुसता घरघरत राहिला. आम्ही दोघी ऐकत पडलो होतो. दोघी जाग्या आहोत हे दोघींना माहीत होतं.

सकाळी मायच्या आधी उठले. विहारात जाऊन भंतेजींना भेटले, पुण्यानुमोदनाला, गेलेल्याच्या नावाने घरी करायच्या वंदनेला, कधी येता येईल विचारलं. त्यांनी दिवस दिला. मग तिथूनच, विहाराच्या पायरीवर उभी राहून, दवाखान्यात मेट्रनबाईंना फोन लावला.

"मॅडम, तीन दिवस सुट्टी पाहिजे. भाऊ गेला."

"अरेरे. सख्खा?"

"सख्खा. मोठा."

"कधी हो?"

"काल," मी म्हणाले. फोन पर्समध्ये टाकला, आणि पांढरं कापड आणायला बाजाराकडे निघाले.